वाचकांचे प्रश्न : आंघोळ घालूनही कुत्र्याच्या अंगाचा वास का जात नाही?

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर जातीचा नर कुत्रा आहे. गेल्या चार-पाच महिन्यांपासून त्याच्या अंगाला सतत ओशट, कुबट वास येतो. पूर्वी आम्ही त्याला महिन्यातून एकदा आंघोळ घालत असू, आता आठवड्यातून दोनदा घालतो. शाम्पू बदलून पाहिले, पावडर लावली, त्याची झोपण्याची गादीही नवी आणली. आंघोळीनंतर एक दिवस बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वास पुन्हा येऊ लागतो. तो व्यवस्थित जेवतो, खेळतो. अधूनमधून पंजे चाटत बसतो आणि कान झाडतो, पण ती त्याची जुनीच सवय आहे. हा वास कशाचा असेल आणि त्यासाठी कोणता शाम्पू वापरावा?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती शेवटी, ‘जुनीच सवय’ म्हणून आली आहे. सतत पंजे चाटणे आणि कान झाडणे याला आपण सवय म्हणतो, पण बहुतेक वेळा ती खाज असते. खाज, कानांची तक्रार आणि अंगाचा कुबट वास या तिन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात दिसतात, तेव्हा पहिला संशय त्वचेवर आणि कानांवर घ्यावा लागतो. तरीही पत्रावरून निदान करणे योग्य नाही. म्हणून वास अंगाच्या नेमक्या कोणत्या भागातून येतो हे घरच्या घरी कसे शोधावे, ते आधी सांगतो आणि शाम्पूकडे नंतर वळतो.

निरोगी कुत्र्याच्या अंगालाही थोडा वास असतोच. ज्या ग्रंथींमुळे माणसाच्या अंगाला घाम सुटतो, तशा ग्रंथी कुत्र्याला मुख्यतः पंजांच्या गाद्यांवर असतात. उरलेल्या अंगावर केसांच्या मुळाशी असलेल्या निराळ्या ग्रंथींमधून स्निग्ध द्रव पाझरतो, आणि त्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे प्रत्येक कुत्र्याचा स्वतःचा असा वास तयार होतो. कुत्रा भिजला की हा वास उग्र होतो, कारण केसांतले पाणी उडून जाताना वासाचे घटकही हवेत मिसळतात. अंग पूर्ण वाळल्यावर तो ओसरतो. शेणात किंवा मेलेल्या प्राण्यावर लोळून आलेल्या कुत्र्याचा वास कितीही असह्य असला तरी एका चांगल्या आंघोळीत जातो. आपल्याकडचा वास दोन दिवसांत परत येतो, याचाच अर्थ तो बाहेरून लागलेला नाही. तो अंगावरच कुठेतरी रोज नव्याने तयार होत आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत शाम्पू बदलून काहीही साधणार नाही. उलट प्रत्येक आंघोळीने पुरावाच धुऊन जातो.

म्हणून चार-पाच दिवस आंघोळ, पावडर आणि सुगंधी फवारे पूर्ण बंद ठेवावेत. त्यानंतर पांढऱ्या सुती कापडाचे किंवा गॉजचे कोरडे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याने अंगाचा एकच भाग हलकेच पुसावा : ओठांची आतली बाजू व हिरड्या, उजवा कान, डावा कान, गळपट्ट्याखालची त्वचा, काखा, पुढच्या पंजांच्या बोटांमधल्या बेचक्या, मागच्या पंजांच्या बेचक्या, जांघा, मूत्रमार्गाभोवतीचा भाग आणि शेपटीखालचा भाग. हे तुकडे नावे लिहिलेल्या वेगवेगळ्या कागदांवर ठेवून दुसऱ्या खोलीत एकेक करून हुंगावेत. कुत्र्याच्या अंगाशी नाक नेले तर सगळे वास एकमेकांत मिसळतात. असे तुकडे वेगळे केले म्हणजे त्यांतले एक-दोनच नाक मुरडायला लावतात आणि शोधाची दिशा ठरते. घरातल्या माणसांच्या नाकावर मात्र फार विसंबू नये, कारण सतत येणारा वास काही काळाने जाणवेनासा होतो. कुत्र्यासोबत न राहणारा एखादा स्पष्टवक्ता परिचित या कामी अधिक उपयोगी पडेल. कापडावर काय आले आहे तेही पाहावे : तपकिरी तेलकट डाग, पिवळसर पू आणि रक्ताची छटा या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा असतो. एखाद्या भागाला हात लावताच कुत्रा अंग चोरत असेल किंवा गुरगुरत असेल, तर तो भाग तसाच सोडावा; दुखरी जागा कोणती एवढे तरी कळलेच. गळपट्टाही याच वेळी हुंगून पाहावा. चामड्याचा किंवा जाड नायलॉनचा पट्टा महिनोन्‌महिने धुतला जात नाही आणि आंघोळीनंतर तोच पुन्हा गळ्यात घातला जातो.

आपल्या कुत्र्याच्या बाबतीत कानांचे तुकडे आधी तपासावेत. कुत्र्याची कर्णनलिका सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते. लॅब्रॅडॉरसारख्या कान पडलेल्या कुत्र्यांमध्ये वरून पाळीचे झाकणही असते. आंघोळीचे पाणी आत राहिले की उबेत आणि ओलाव्यात बुरशी व जीवाणू सहज वाढतात. आपण आठवड्यातून दोनदा आंघोळ घालता, तेव्हा कानात पाणी जाते का, याचाही विचार करावा. कानाची पाळी उलटून आतील त्वचा पाहावी : ती फिकट गुलाबी, कोरडी असेल आणि थोडाच मळ दिसत असेल तर चिंता नाही, लाल, सुजलेली, जाडसर असेल किंवा तपकिरी चिकट मळ येत असेल, तर कान हा वासाचा एक उगम आहे असे धरावे. काडीला कापूस लावून आत घालू नये, कारण मळ वळणापलीकडे ढकलला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा व्हिनेगरही सुजलेल्या कानात घालू नये. घरात उरलेले जुने थेंब वापरण्याचा मोह तर हमखास होतो, पण कानाचा पडदा फाटलेला असल्यास काही औषधे आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात, म्हणून पडदा पाहिल्याशिवाय थेंब घालणे धोक्याचे आहे.

त्वचेच्या बाबतीत आपण वापरलेला ‘ओशट, कुबट’ हा शब्दप्रयोग बोलका आहे. मॅलासेझिया नावाची यीस्ट प्रकारची बुरशी निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही थोड्या प्रमाणात असते. त्वचेचा दाह होऊन तिथे तेलकटपणा आणि ओलावा वाढला की ती बेसुमार वाढते आणि नेमका असाच वास येतो. गळ्याची खालची बाजू, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या आणि कान या तिच्या आवडत्या जागा. तिथली त्वचा आधी लालसर आणि तेलकट होते. दुखणे जुने झाले की ती काळपट, जाड आणि सुरकुतलेली दिसू लागते. फिकट रंगाच्या कुत्र्यांमध्ये सतत चाटलेल्या पंजांचे केस लाळेने तांबूस होतात, तीही चांगली खूण आहे. जीवाणूंच्या संसर्गात वास थोडा निराळा असतो आणि त्यासोबत बारीक पुटकुळ्या, गोलाकार खपल्या किंवा जागोजागी विरळ झालेले केस दिसतात. कित्येकदा दोन्ही संसर्ग एकत्र असतात, त्यामुळे केवळ वासावरून औषध ठरवू नये. पशुवैद्य पारदर्शक चिकटपट्टीने किंवा काचपट्टीने त्वचेचा आणि कानातल्या मळाचा नमुना घेऊन तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; ही तपासणी साधी असते, तिला थोडाच वेळ लागतो, आणि बुरशी की जीवाणू हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. तपासणी न करता औषधे लिहून दिली जात असतील, तर ती आधी करावी अशी विनंती आपण जरूर करावी.

आता शाम्पूविषयी. तपासणीत बुरशी आढळली, तर २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेला, कुत्र्यांसाठी बनवलेला औषधी शाम्पू सहसा सुचवला जातो. तो आठवड्यातून दोनदा, साधारण तीन आठवडे वापरावा लागतो. बहुतेकांचे चुकते ते वेळेत : शाम्पू लावून लगेच धुतला तर औषध त्वचेत काम करण्याआधीच वाहून जाते. तो ओल्या अंगाला, केस बाजूला सारून थेट त्वचेला लावावा आणि घड्याळ लावून 10 मिनिटे राहू द्यावा. तेवढ्यात कुत्र्याने अंग चाटू नये यासाठी कोणीतरी त्याच्याजवळ बसावे. नंतर भरपूर पाण्याने धुऊन अंग पूर्णपणे कोरडे करावे. लॅब्रॅडॉरच्या वरच्या केसांखाली दाट लव असते; वरून कुत्रा वाळलेला दिसला तरी ती आत ओलीच राहते आणि त्या ओलाव्यात बुरशीचे फावते. आपल्याकडे आंघोळी वाढल्यापासून वास कमी न होता टिकून राहिला, याचे एक कारण हेही असू शकेल. माणसांचा शाम्पू वापरू नये, कारण आपली त्वचा कुत्र्याच्या त्वचेपेक्षा बरीच अधिक आम्लधर्मी असते. टी ट्री तेल तर घरात असले तरी कुत्र्यापासून दूर ठेवावे. ते त्वचेतून शोषले जाऊन आणि चाटल्यामुळे पोटात जाऊन विषबाधा होते. बुरशीवरच्या गोळ्या पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत, त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो.

मात्र एवढ्याने काम संपत नाही, आणि या प्रश्नातला खरा गुंता इथेच आहे. बुरशी आपण होऊन क्वचितच वाढते. तिला वाढायला जागा करून देणारे दुसरे काहीतरी आधीपासून असते. त्याचा शोध न घेतल्यास शाम्पूने वास जाईल आणि काही आठवड्यांनी परत येईल. लॅब्रॅडॉर जातीत ॲलर्जीचे प्रमाण पुष्कळ आहे. पंजे चाटण्याची ‘सवय’ वयाच्या पहिल्या तीन वर्षांत लागली असेल आणि वर्षातल्या ठरावीक ऋतूत वाढत असेल, तर परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक अशा परिसरातील घटकांची ॲलर्जी संभवते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जीही तितकीच सामान्य आहे आणि तिच्यासाठी अंगावर पिसवा दिसायलाच हव्यात असे नाही. कंबर आणि शेपटीचे मूळ इथे खाज अधिक असेल तर तिचा संशय घ्यावा. अन्नाच्या ॲलर्जीचे निदान रक्ततपासणीने विश्वासार्हपणे होत नाही. त्यासाठी पशुवैद्याने ठरवून दिलेला एकच आहार किमान 8 आठवडे द्यावा लागतो, आणि त्या काळात जेवताना आपल्या ताटातला एक घाससुद्धा कुत्र्याला चालत नाही. (हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत प्रेमळ माणसामुळे.) वास आणि खाज दोन्ही सहाव्या वर्षीच प्रथम दिसली असतील, कुत्रा सुस्तावला असेल, आहार तोच असताना वजन वाढले असेल किंवा शेपटीवरचे केस विरळ झाले असतील, तर थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वीचे चार-पाच दिवस आंघोळ आणि दोन दिवस कानांची सफाई टाळावी. वास केव्हा सुरू झाला, कोणत्या महिन्यांत वाढतो, आहारात काय काय असते, पिसवांवरचे औषध शेवटचे केव्हा दिले आणि कापडाच्या कोणत्या तुकड्याला वास आला, हे कागदावर लिहून न्यावे. शाम्पूची बाटली न्यायला विसरलात तरी चालेल, हा कागद विसरू नये.

प्रश्न : माझा 11 वर्षांचा लहान जातीचा कुत्रा जवळ आला की असह्य वास येतो. अंगाला वास नाही, तोंडालाच आहे. म्हातारपणी असे व्हायचेच असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : वयामुळे तोंडाला दुर्गंधी येत नाही, रोगामुळे येते, वय वाढेपर्यंत रोगाला वेळ मिळालेला असतो इतकेच. लहान जातींमध्ये दात दाटीवाटीने असल्यामुळे हिरड्यांचा रोग लवकर आणि अधिक होतो. दातांवरचा मऊ थर काही दिवसांतच कठीण कीटणात बदलतो आणि हिरडीखाली शिरलेले जीवाणू दाताला धरून ठेवणारे हाड झिजवत जातात. कुत्रा जेवतो आहे म्हणजे त्याचे दात दुखत नाहीत, असे समजू नये. कुत्री दातदुखी फार शिताफीने लपवतात. एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पाडणे, तोंडाला हात लावू न देणे, डोळ्याखाली सूज येणे या खुणा पाहाव्यात. डोळ्याखालची सूज बहुधा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते.

यावरचा उपाय म्हणजे भूल देऊन, क्ष-किरण चित्रे काढून दातांची आणि हिरडीखालची सफाई करणे आणि वाचणार नाहीत ते दात काढणे. भूल न देता कीटण खरवडून दात पांढरे करून देतात, ते दिसायला छान असते. पण रोग हिरडीखाली असतो आणि तिथे त्या हत्याराची पोच नसते. केवळ प्रतिजैविके दिल्यास वास काही दिवस कमी होतो व औषध थांबताच परततो. सफाईनंतर कुत्र्यांच्या टूथपेस्टने रोज दात घासावेत. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. तिच्यातील फ्लोराइड गिळणे कुत्र्याला बरे नाही, आणि काहींमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, जो कुत्र्यांसाठी विष आहे.

या वयात भुलीपूर्वी रक्त आणि लघवीची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती वासाच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. कुत्रा पूर्वीपेक्षा अधिक पाणी पीत असेल, वारंवार लघवी करत असेल, वजन घटत असेल आणि तोंडाला अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंडांचा विकार संभवतो. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा गोडसर वास, सोबत मरगळ आणि उलट्या, ही बिघडलेल्या मधुमेहाची लक्षणे असून तिथे एक दिवसही थांबू नये. वास काही दिवसांतच अचानक वाढला असेल, तर पुरेशा उजेडात तोंड उघडून टाळू पाहावी. काडीचा किंवा हाडाचा तुकडा वरच्या दाढांमध्ये आडवा अडकून बसतो आणि तिथे कुजत राहतो. हिरडीवर किंवा जिभेखाली गाठ दिसली तर तिचा तुकडा तपासून घ्यावा.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मादीला बसल्या जागी अचानक सडक्या मासळीसारखा वास येतो आणि काही वेळाने जातो. ती कधी कधी मागचा भाग जमिनीवर घासत पुढे सरकते. तिची नसबंदी केलेली नाही. जंताचे औषध देऊन झाले, फरक नाही.

उत्तर : हे वर्णन गुदग्रंथींचे आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात 4 आणि 8 हे आकडे जिथे येतात तिथे, त्वचेखाली दोन लहान पिशव्या असतात आणि त्यांतला उग्र द्रव शौचाच्या वेळी थोडाथोडा बाहेर पडतो. कुत्रा दचकला की त्या एकदम रिकाम्या होतात. असे क्वचित घडले तर ते स्वाभाविक आहे. वारंवार घडत असेल तर पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत असे समजावे. त्यामागे सतत पातळ होणारे शौच, लठ्ठपणा किंवा ॲलर्जी असू शकते. चित्रफिती पाहून घरी पिशव्या दाबण्याचे प्रयोग करू नयेत, आणि तक्रार नसताना दर महिन्याला त्या रिकाम्या करून घेण्याचीही गरज नाही. एका बाजूला लाल, दुखरी सूज, रक्त किंवा पू दिसल्यास गळू झाले असण्याची शक्यता असते. सूज दुखत नसली तरी टणक गाठ हाताला लागत असेल तर ती तपासून घ्यावी, कारण या पिशव्यांमध्ये कर्करोगही होतो. शेपटीखालचे केस लांब असतील तर ते वेगळे करून त्वचा पाहावी. विष्ठेने माखलेल्या ओल्या केसांखाली जखम झाली की माश्या अंडी घालतात, आणि अळ्या पडलेल्या जखमेचा वास एकदा आला की विसरत नाही.

आपल्या मादीची नसबंदी झालेली नाही, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे. वास गुदद्वाराकडून येतो की योनीकडून, हे कोरड्या कापडाने पुसून नक्की करावे. माज संपल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांच्या काळात गर्भाशयात पू साठण्याचा आजार होऊ शकतो. त्यात योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, मादी भरपूर पाणी पिते, खाणे सोडते, मलूल होते. गर्भाशयाचे मुख बंद असेल तर स्राव आणि वास दोन्ही नसतात, आणि तो प्रकार अधिक घातक असतो. यांतले काहीही दिसले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, तिला पशुवैद्याकडे न्यावे आणि शेवटचा माज केव्हा संपला ती तारीख सर्वप्रथम सांगावी.